लाल रेघ

आमच्या सोसायटीच्या फलकावर 'काळ्या विद्यार्थ्यांना जागा देऊ नये' अशी नोटीस लागली, तेव्हा आम्ही काही रहिवाशांनी आणि इथेच भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी शेजारी निषेधाचा कागद लावला. पहिली सही कुणाची ते कळू नये म्हणून सह्या गोलाकार केल्या. फक्त सवयीने प्रत्येकाने खाली फ्लॅट नंबर घातला.

आज त्यातल्या तीन नंबरांखाली लाल रेघ आहे.

"काकू, निदान कागद फाडला तर नाही ना," सुदानहून शिकायला आलेली अमल म्हणाली.

फाडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. ही रेघ कुणीतरी पट्टी लावून, सावकाश ओढली आहे.

तिसरा नंबर माझा. अमल माझ्याकडेच राहते; बाकी दोन घरांतही आफ्रिकेतून आलेली मुलं आहेत.

जिन्यात आज सगळेच हसून विचारतायत, "काय वहिनी, बरं चाललंय ना?"