काकींचा काळा पडदा

"काय बोलला नाय म्हंजे झाला," असं म्हणत काकी पदराला हात पुसायच्या आणि लॅपटॉपकडे समाधानाने बघायच्या. लिनक्स या कॉम्प्युटर सिस्टिममध्ये हुकूम टाइप केला आणि काम नीट झालं, तर पडद्यावर काहीच उमटत नाही. तक्रार असेल तरच ते बोलतं. हे कळल्यापासून काकींचं त्याच्याशी जमलं. घरातल्या माणसांचं उलटं आहे, असं त्या नवऱ्यासमोरच सांगत.

ऐरोलीत आमच्या खालच्या मजल्यावर त्या राहायच्या. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी. काकी धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गाणारी बाई ती धवलारीण. पण घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. बोलणं खरखरीत, गाणं बंद.

त्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलेले जुने धवले लेकीच्या टाकून दिलेल्या लॅपटॉपमध्ये होते आणि तो उठत नव्हता. मी कॉम्प्युटर सपोर्टमध्ये नोकरी करते, म्हणून तो माझ्याकडे आला. गाणी शाबूत होती, पण नेहमीची सिस्टिम काही केल्या चालेना. शेवटी मी लिनक्स घातलं, तेही बिनचित्रांचं. काळा पडदा आणि त्यावर टाइप करायचं, बस. गाणी फोनवर काढून लॅपटॉप भंगारात द्यायचा, असा माझा बेत.

"फोन नको," काकी म्हणाल्या. "फोनला सगली हात लावतान. यो काला पडदा बगून कोन जवल येनार नाय. मना शिकव."

मग काय विचारता. पहिल्याच दिवशी पासवर्ड. इथे तो टाइप करताना अक्षरं सोडा, ठिपकेही दिसत नाहीत.

"बाय, मेला यो."

"मेला नाही काकी, पासवर्ड लपवतोय."

"माज्यापासना? मीच तर टाकतंय."

एका फोल्डरमधून दुसऱ्यात जायला 'सीडी' टाइप करायचं, असं सांगितलं, तर त्या उठून कपाटातून लग्नाची सीडी घेऊन आल्या. एकदा मशीनने परवानगी नाकारली, तेव्हा चष्मा काढून त्यांनी पडद्याला विचारलं, "जागा आमची, घर आमचा, नि मना परवानगी नाय?" मी हसून हसून खुर्चीवरून घसरले. त्यांनाही हसू आवरेना. खरखरत्या घशाने त्या अशा हसायच्या की काका आतून पाणी घेऊन यायचे.

एका रविवारी सकाळी त्या वर आल्या आणि सोफ्यावर बसल्या.

"बाय, पुसायचा हुकूम दिला. एकच गाना पुसायचा होता, चुकून परत भरलेला."

"मग?"

"नावाच्या जागी एक चांदनी टाकली."

चांदणी म्हणजे सगळंच. मी चप्पल न घालताच खाली धावले. धवल्यांचा फोल्डर रिकामा होता. इथे कचऱ्याची टोपलीही नसते, पुसलं की गेलं. हे मी त्यांना सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं. "च्या टाकतंय," म्हणाल्या आणि पाठ फिरवली.

हात स्वस्थ बसेनात म्हणून मी अख्ख्या मशीनवर 'धवला' शोधायला लावलं. एक ओळ उमटली. मग दुसरी. मग पडदा धावायलाच लागला. फोटोंच्या फोल्डरात धवले, लाइट बिलांच्या फोल्डरात धवले, जावयाच्या बायोडेटाशेजारी धवले.

"काकी, हे काय केलंय तुम्ही?"

"नक्कल करायचा शिकवलास ना, तवा केला. मना वाटला, चांदनीत त्या पन गेल्या." त्या गाळणी हातात घेऊन आल्या. "पानी आला का आमी एकच हंडा भरतो का?"

काका म्हणाले, "बरनीत बगा, थितं पन असतील." मग आम्ही तिघं इतके हसलो की चहा उतू गेला.

आता काकी कामोठ्याला लेकीकडे असतात. मला आठवतात त्या त्यांच्या पुतणीच्या हळदीतल्या काकी. मांडवात त्या पाटावर बसलेल्या, पुढे लॅपटॉप, त्याला मोठा स्पीकर जोडलेला. एका बोटाने हुकूम टाइप करून त्यांनी स्वतःचा जुना आवाज सोडला. खणखणीत, भरलेला. नवरीने मान वर केली. बायका आधी फोनवर शूटिंग करत होत्या. मग एक म्हातारी गुणगुणली, मग काकींच्या जावा, मग जीन्स घातलेल्या पोरीसुद्धा.

काकींनी क्षणभर ऐकलं आणि दोन बटणं एकदम दाबली. चालू काम मध्येच थांबवायची ती खूण. स्पीकर बंद पडला. धवला चालूच राहिला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकींनी लॅपटॉप मिटून मांडीवर घेतला, आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवत बायकांच्या मागून गात राहिल्या.