शाल, श्रीफळ आणि डॉल्फिन

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. बस धुवायला काढली की सीटखालून चॉकलेटच्या चांद्या आणि एकेकट्या चपला निघतात, तसे ते प्रत्येक सहलीनंतर निघतातच. परळीत माझी छोटीशी ट्रॅव्हल्स आहे. हिवाळ्यात परळी, सिरसाळा, धारूरकडची मंडळी बसमध्ये भरायची आणि मालवणकडं न्यायची. समुद्र, मासे आणि सकाळी बोटीतून डॉल्फिन! हे किस्से सांगताना मीच आधी हसतो. सांगून झालं की मात्र कान गरम होतात.

कारण तिकडचे बोटवाले आता आम्हाला ओळखतात. "बीडवाले इले" असं कुणी म्हटलं की बाकीच्यांना एकदम इंजिनची कामं आठवतात. उरतो एकटा बाबीदादा. तो का उरतो, हे त्याचं त्याला माहीत.

आमच्या मंडळींना पहिल्यांदा काही बघायचं म्हटलं की नारळ लागतो. पहिल्याच सहलीत सगळ्यांनी बोटीत चढायच्या आधी चपला काढून वाळूत ओळीनं लावल्या. सिरसाळ्याच्या एका काकूंनी बोटीच्या नाकाला हळदीकुंकू लावलं. इथवर बाबीदादाही खूश होता.

मग बरंच आत गेल्यावर त्यानं इंजिन बंद केलं, बोट ओठांवर ठेवलं आणि हळूच एका बाजूला दाखवलं. पाण्यातून एक काळी पाठ वर येत होती. नुसती येत होती, अजून पूर्ण आलीही नव्हती, तेवढ्यात मागून कुणीतरी गर्जना केली, "बोला, समुद्रदेवता की..."

"जय!" अख्खी बोट.

पाठ जिथून आली तिथंच गेली. बाबीदादा शांतपणे इंजिन चालू करत म्हणाला, "एवढ्या आवाजान देव पण पळालो असतो."

मी पायाखालच्या फळ्या बघत बसलो.

*

त्याच बोटीत माझी थोरली बहीण होती. धारूरची आक्का. तिचं या सगळ्यात काय काम, ते सांगायला हवं.

दाजी परळीच्या थर्मल वीजकेंद्रात नोकरीला होते. कधीतरी कामगारांच्या सहलीबरोबर ते कोकणात गेले आणि डॉल्फिन बघून आले. झालं! त्यानंतर एकही लग्न, एकही बारसं त्या डॉल्फिनशिवाय पार पडलं नाही. "काळी कुळकुळीत पाठ. असा वर येतो, श्वास सोडतो, फुस्स! आन् माणसासारखा बघतो आपल्याकडं." दाजी हातानं पाठीचा आकार काढून दाखवायचे आणि बायकांच्या घोळक्यातून आक्का ओरडायची, "झालं का सुरू? लोकहो, खरं मानू नका बरं! पान्यात म्हैस बघितली आसंल!"

सगळे हसायचे. दाजीही हसायचे. पुढंपुढं त्यांनी ती गोष्ट सांगणं सोडून दिलं.

दाजी गेले त्या वर्षी आक्का माझ्या ऑफिसात येऊन बसली. म्हणाली, "बापू, मला त्यो मासा दाव. चारचौघात मी त्यांना खोटं पाडलं रे. खरंच खोटं हाय का, तेवढं बघू दे."

म्हणून आक्का दर वर्षी येते. पहिल्या सीटवर बसते, कुणाशी फार बोलत नाही. आणि दर वर्षी मी तिला म्हणतो, "आक्का, यंदा नक्की."

*

दुसऱ्या वर्षी परळीचे एक व्यापारी होते. धान्याच्या मोंढ्यातले, दिलदार माणूस. डॉल्फिन उजवीकडं दिसला म्हणताच त्यांनी डबा उघडला आणि भाकरीचे तुकडे फेकायला सुरुवात केली.

"शेठ, काय करताय?"

"आरं, एवढ्या लांबून भेटाया आलं, उपाशी जाऊ द्यायचं व्हय?"

डॉल्फिन काही जेवायला थांबला नाही. पण त्या भागातले सगळे समुद्रपक्षी थांबले! त्यांनी भाकरी खाल्ली, चटणी खाल्ली, शेठजींची टोपी नेली आणि बाकीच्या मंडळींच्या डोक्यावर जे काही सोडायचं ते सोडलं. बोटभर आरडाओरडा. आक्कानं पदर डोक्यावर घेतला होता. पदर खाली केला तेव्हा पाणी मोकळं होतं.

शेठजी परतताना मला म्हणाले, "मासा लई लाजाळू हाय."

*

तिसऱ्या वर्षी भागवतराव आले. आमच्या गावचे पुढारी. कुठल्या पदावर आहेत ते कुणालाच नक्की सांगता येत नाही, पण त्यांच्याशिवाय पाणीपुरीच्या गाड्याचंही उद्घाटन होत नाही.

मी त्या वर्षी हौसेनं दुर्बीण घेतली होती. आक्कासाठीच. बाबीदादा म्हणाला, "ते बघा, लांब आसत, पण आसत!" मी दुर्बीण आक्काकडं द्यायला गेलो, तर मागून आवाज आला, "आरं, आधी साहेबांना!"

साहेबांनी बघितलं. साहेबांनी बघितल्याचा फोटो निघाला. मग साहेबांच्या मेव्हण्यांना. मग माजी सरपंचांना. मग आजी सरपंचांना राग येऊ नये म्हणून त्यांना. मग सगळ्यांत वयस्कर कोण यावर दोन म्हाताऱ्यांत जुंपली. मानापानाच्या क्रमानं फिरत फिरत दुर्बीण आक्काच्या हातात आली, तेव्हा बाबीदादानं बोट वळवलेली होती.

आक्कानं तरी डोळ्याला लावली. बराच वेळ बघितलं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"पानी लई छान हाय," आक्का म्हणाली आणि दुर्बीण पुसून माझ्याकडं दिली.

मला मान वर करता येईना. मानाचा क्रम मोडून आधी तिच्या हातात द्यायची हिंमत माझ्यात नव्हती. भागवतरावांच्या ओळखीनं निम्मी बस भरते.

*

मधे एकदा डॉल्फिन अगदी स्पष्ट दिसलाही होता. सगळ्यांनी व्हिडिओ काढले, लगेच परळीच्या ग्रुपांवर टाकले. अभिनंदनाचा पाऊस पडला. आक्का तेवढी म्हणाली, "बापू, ह्यो हालत कावून न्हाई?"

"झोपला आसंल," भागवतराव म्हणाले.

बाबीदादानं तोंडावर गमछा धरला होता. त्याचे खांदे हलत होते. शेवटी त्यालाच राहवेना. "ओ, ओहोटी लागली. तो खडक आसा!"

व्हिडिओ मात्र कुणीच डिलीट केला नाही. परळीत अजून तो फिरतो आणि मला लोक विचारतात, तोच डॉल्फिन पुन्हा दाखवणार का?

*

यंदा मी ठरवलं, आता बास. बस परळीतून निघाली तशी मी माइक घेतला आणि सांगितलं, बोटीत कुणीही तोंड उघडायचं नाही. जयजयकार नाही, भाकरी नाही, दुर्बीण नाही. आपण गप्प राहून दाखवू. माणसं मनापासून तयार झाली. धारूरच्या घाटात आम्ही गप्प बसायची तालीमसुद्धा केली! ड्रायव्हरनं घाबरून गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं, मागं कुणाला काही झालं.

आणि खरंच, बोटीत कुणी बोललं नाही. बाबीदादानं इंजिन बंद केलं. नुसतं पाण्याचं चुबुक चुबुक. आक्का मागच्या फळीवर पदर सावरून बसली होती. बाबीदादानं तर माझ्याकडं बघून मान डोलावली. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण डॉल्फिन येईना. बराच वेळ झाला. मंडळी चुळबुळायला लागली. शेवटी भागवतराव कुजबुजले, "नुसतं बसून कावून ऱ्हायचं? तेवढ्यात बाबीदादाचा सत्कार उरकून घिऊ."

आता आमच्याकडं हे असं आहे. पाहुणा आला सत्कार, गेला सत्कार, पाऊस पडला तर पावसाचाही सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, बॅटरीवरचा माइक, सगळं माझ्याच बॅगेत होतं. बाबीदादाचे उपकार तर खरेच होते. आणि हातात माइक आला की मला राहवत नाही, हे मी कबूल करतो.

"नको ओ," बाबीदादा म्हणाला. "तुमका डॉल्फिन बघूचो आसा की निवडणूक लढवूची आसा?"

कोण ऐकतंय! दोघांनी त्याला धरून उभं केलं. फेटा बांधला, तो सैल होऊन त्याच्या डोळ्यांवर आला. सगळे एकमेकांना खेटून सेल्फीसाठी उभे राहिले, तोंडं मोबाइलकडं, पाठी समुद्राकडं. मी माइक सुरू केला. "आज या अथांग सागराच्या साक्षीनं..." अशी सुरुवात केली आणि चांगला रंगलो. मराठवाडा आणि कोकणाचं नातं, माणुसकी, निसर्ग, सगळं घेतलं. भागवतरावांचे दोन शब्द झाले. टाळ्या झाल्या. आभार मी मानले.

मग फेटा वर सरकवून बाबीदादानं पाण्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि इंजिन चालू केलं.

किनाऱ्यावर उतरताना मी आक्काचा हात धरला. तिच्याकडं बघवत नव्हतं. म्हटलं, "आक्का, माफ कर. यंदाबी न्हाई दिसला."

आक्का वाळूत उभी राहिली. डोळे पुसले, पण रडल्यासारखी दिसत नव्हती.

"तुजे दाजी खरं बोलत व्हते रे बापू. फुस्स करून श्वास सोडतंय. आन् माणसावानीच बघतंय."

मी जागच्या जागी थांबलो. "म्हंजे? कवा? कुठं?"

"बोटीला खेटूनच आलतं की. तुमच्या पाठीमागं."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

आक्का चप्पल झटकत म्हणाली, "कसं सांगू? तुजं भाषण चालू व्हतं. त्येबी बिचारं गप ऐकून घेत व्हतं."