कमलने थांबवलेली जाकिटं

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी भाकरी बांधत होतो. भाकरी तशीच राहिली... त्याला आता दीड महिना झाला. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत मुलानं छापलं, 'कमलबाई, गृहिणी'. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढ्यावर मी तिला जाऊ देणार नाही. म्हणून लिहितोय.

सन ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही दोघं अंबडला एका शेडमध्ये शिवायचो. हेलिकॉप्टरवाल्या फौजींची पाण्यात तरंगायची जाकिटं. वर कापडी खोळ, आत रबरी पिशवीची घडी. दोरी ओढली की पिशवीत हवा भरते, एवढंच आम्हाला ठाऊक. नमुन्याच्या जाकिटाला एका बाजूची शिलाई कच्ची होती, बोटानं तुटेल अशी. मला वाटलं, कुणीतरी अंगचोरी केली. मी शिंप्याच्या हाताखाली शिकलेला, कच्चं काम मला बघवत नाही. सगळ्या मालाला मी तिथं दुहेरी टीप मारली. साहेब खूश झाला.

माल निघायच्या दिवशी कमल नमुना हातात घेऊन बसली. "बाकीचं एवढं नेटकं शिवलंय त्यानं. मग इथंच का चुकला?"

मी म्हणालो, "तू तुझी बटणं लाव."

ती उठून साहेबाकडे गेली. तो म्हणाला, "बाई, गाडी उभी आहे. एक दोरी जरी ओढली तर उद्यापासून येऊ नका."

"नाही येत," म्हणाली. सगळ्यांसमोर मालातलं एक जाकीट चढवलं आणि दोरी ओढली. पिशवी फुगली, खोळ काही सुटेना. गळ्याशी आवळत गेली. तिचा चेहरा लालभडक... मी कात्रीनं माझीच टीप कापली, तशी पिशवी भसकन बाहेर आली. ती शिलाई तुटण्यासाठीच कच्ची होती. खोकत खोकत माहेरच्या सटाण्याच्या बोलीत मला म्हणाली, "तुनी टीप पक्की शे. मानूस मरी जाई."

माल थांबला. तिचं काम गेलं. माझं राहिलं, कारण टिपा उसवून तिथं कच्ची शिलाई घालायला माणूस हवा होता. दुपारी डबा घेऊन यायची, तिला आत सोडत नव्हते, तर दाराबाहेर बसून विचारायची, "किती राहिल्या, पक्के मास्तर?" पुढे तपासायला फौजी आले. त्यांनी ती शिलाई बोटानं तोडून बघितली, मान डोलावली. साहेबानं शाबासकी घेतली. मी तिथंच उभा होतो. तिचं नाव घेतलं नाही. आज घेतोय, आणि कुणाला आवडो न आवडो, घेत राहणार.

त्या जाकिटानं कुणी वाचलं का, ते आम्हाला कधी कळलं नाही. पण आभाळात घरघर झाली की ती हातातलं टाकून अंगणात जायची, हेलिकॉप्टर दिसेनासं होईपर्यंत उभी राहायची. आता मी जातो. परवा शेजारच्या सुनेनं विचारलं, "बाबा, एवढ्या उन्हात काय बघता?"

म्हणालो, "आमच्या बाईंचं काम वरून चाललंय."