मास्तरांची राहिलेली अर्धी चाल

आधीच सांगून टाकतो – भूत, करणी, भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. इथं लोक लिहितात ते अनुभव मी वाचायचो, पण करमणूक म्हणून. माझा धंदा शेळ्या-मेंढ्यांचा. दोन शेळ्यांवर सुरू केला, आज दारात स्वतःचं पिकअप उभं आहे. बोकडाचं तोंड उघडून दात बघितल्याशिवाय जो माणूस त्याचं वय मानत नाही, तो भूत कुठून मानणार? तरीही हे लिहितोय. ज्यांना "ऊन लागलं असेल" असं म्हणायचंय त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचा, मग तोंड उघडा.

गाव ताडकळस, जिल्हा परभणी. आमच्या आठवडी बाजारात जनावराचा सौदा अजूनही दस्तीखाली होतो. दस्ती म्हणजे रुमाल. दोघांनी उजवा हात हातात द्यायचा, वर दस्ती टाकायची आणि आत बोटं धरून भाव करायचा. तोंडानं आकडा काढायचा नाही, म्हणजे बघणाऱ्यांना पत्ता लागत नाही. मी त्यात इतका मुरलोय की तोंड न बघता नुसत्या हातावरून माणूस ओळखतो. आणि दस्तीखाली कुणी कुठलं बोट कधी दाबलं, ते वर्षानुवर्षं विसरत नाही. पोटच त्याच्यावर भरतं.

आता मास्तरांबद्दल. चारठाण्याचे लिंबाजी मास्तर, बँडवाले. ट्रंपेट वाजवायचे, तीन बोटांनी तीन कळा दाबून. मोठमोठे कलाकार तुम्ही ऐकले असतील, माझं काही म्हणणं नाही, पण मास्तरांचा ट्रंपेट वाजला की माझ्या अंगावर काटा यायचा. पोरवयात त्यांच्या बँडमागं मी बिनओळखीच्या लग्नांत शिरलोय, पंगतीत बसून जेवलोय आणि मारही खाल्लाय. त्यामुळं माझ्या लग्नाला बँड त्यांचाच, हे ठरलेलं होतं.

सौदा मी माझ्या पद्धतीनं केला. दस्तीखाली. ते वर चढायचे, मी खाली ओढायचो. शेवटी त्यांनी माझा पंजा दाबला, म्हणजे सौदा पक्का. वर हसत म्हणाले, "मारोती, तुझ्यासाठी नवी चाल बसवलीय. आजून कुणी ऐकली न्हाई."

आमच्याकडं लग्नाआधी परण्या निघतो. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळात जातो, पुढं बँड. देवळापुढं घोडा थांबला आणि मास्तरांनी ती चाल धरली. सुरुवात एकदम हळू... लांब शेतातून कुणीतरी हाक मारतंय अशी. मग चढत गेली. अशी चढली, अशी चढली की माझा श्वास अडकला. आता वरून खाली उतरणार, तेवढ्यात मास्तरांनी ट्रंपेट तोंडापासून काढला, दस्तीनं पुसला आणि भर गावात म्हणाले,

"नवरदेव, तुमच्या भावात हितवरच बसतंय."

सगळा परण्या खो-खो हसायला लागला. माझं टाळकं सरकलं. घोड्यावरून उडी टाकून त्यांच्यावर जाणारच होतो, पण बाशिंग डोळ्यांवर आलं आणि मेव्हण्यानं पाय धरला. पंजा दाबून सौदा पक्का केलेला माणूस अर्धा माल देतो? माझ्या धंद्यात असं केलं तर बाजारात उभं करणार नाहीत. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. चूक त्यांचीच होती.

पुढं मास्तर प्रत्येक लग्नात ती चाल वाजवायचे, पण तिथवरच. लोकांना वाटायचं चाल तेवढीच आहे. मी भेटलो की भांडायचो.

"मास्तर, माझी राहिलेली चाल द्या."

"काढ दस्ती, बोल भाव."

"भाव झालेला आहे! वर काही मिळणार नाही."

"मग ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. नासायली थोडीच!"

मी हटलो नाही, ते हटले नाहीत. खोटं कशाला बोलू, भांडायच्या निमित्तानं मी मुद्दाम चारठाण्याला जायचो. चहा तेच पाजायचे. दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले. मातीला गेलो होतो, रडलो. आणि रडता रडताही मनात हेच – गेला बाबा माझी अर्धी चाल घेऊन.

यंदा माझ्या पोरीचं, पूजाचं लग्न ठरलं. ही चाल गुणगुणतच मी तिला खांद्यावर झोपवायचो, त्यामुळं तिलाही पाठ. नवरदेवाकडच्यांना डीजे हवा होता. पूजा म्हणाली, "मास्तरांचा बँड पाहिजे. पण चाल पूर्ण वाजली पाहिजे, पप्पा. माझ्या लग्नात अर्धवट काही नको. नाहीतर डीजेच बरा."

बायको म्हणाली, "घ्या! बापाची पोरगी हाय. करा आता सौदा."

बँड आता मास्तरांचा मुलगा बालाजी चालवतो. चाळिशीचा आहे, हात वडिलांइतकाच गोड. चारठाण्याला जाऊन त्याला विचारलं. तो कसनुसा हसला.

"काका, खरंच न्हाई ओ माझ्याकडं. अप्पांना किती येळा मागितली. म्हणायचे, ती ताडकळसच्या मारोतीची हाय, त्यालाच देणार. कधी कधी बाजंवर बसून न फुंकता नुसती बोटं चालवायचे. मी बघायला गेलो की हात झाकून घ्यायचे."

झालं. म्हणजे ती चाल जगात कुठंच उरली नव्हती. मी घरी येऊन डीजेवाल्याचा नंबर तेवढा काढून ठेवला.

त्यानंतरच्या बाजाराची गोष्ट. भर दुपार, माणसं-जनावरांची ही गर्दी, समोर रसवंतीचा घुंगरू वाजतोय. बळीबा धनगराचा एक बोकड मला पसंत पडला. बळीबाशी माझा जुना व्यवहार आणि जुनं वैर. मी उजवा हात पुढं केला, वर दस्ती टाकली आणि नेहमीप्रमाणे दुसरीकडं बघत उभा राहिलो. चेहरा दाखवायचा नाही, हा नियम.

आत हात आला. पण सौद्यात बोटं धरतात, हा हात धरत नव्हता. दाबत होता. माझी अंगठ्याशेजारची तीन बोटं – कधी एक, कधी दोन, कधी तिन्ही. त्यातही करंगळीशेजारचं जास्तच. मी चिडलो.

"बळीबा, काय खुळ्यासारखं करायलाव? सरळ भाव बोला!"

"कुणाला म्हणायलाव?" समोरून आवाज आला. "मी आजून तंबाखू मळायलोय!"

मी वळून बघितलं. बळीबाचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांपुढं होते. डाव्या तळव्यावर तंबाखू, उजवा अंगठा त्याच्यावर फिरतोय.

आणि दस्तीखाली बोटं चालूच होती.

भीती वाटायला पाहिजे होती ना? देवाशपथ सांगतो, वाटली नाही. हात उबदार होता. बोटांच्या शेंड्यांना घट्टे होते, आणि ते घट्टे मी ओळखत होतो... मग दाबण्याची लय ध्यानात आली. हळू... मग चढती. माझीच चाल! ती त्या जागेला आली, जिथं मास्तरांनी ट्रंपेट पुसला होता. बोटं थांबली नाहीत. पुढं गेली. उतरली, वळली, पुन्हा एकदा चढली आणि निवांत खाली आली. शेवटी माझा पंजा दाबला. सौदा पक्का. आणि हात मोकळा झाला.

दस्ती उचलली. खाली बोकडाच्या लेंड्या.

"मारोतराव, रस प्या गार," बळीबा म्हणाला. "रडायलाव कशाला? बोकड पसंत न्हाई का?"

बोकड तिथंच सोडून मी बालाजीला फोन लावला. तो संध्याकाळच्या आत मोटारसायकलवर माझ्या घरी हजर. मी त्याचा हात हातात घेतला, सवयीनं वर दस्ती टाकली आणि सगळं जसंच्या तसं त्याच्या बोटांवर दाबलं. मी जन्मात ट्रंपेट धरलेला नाही, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बालाजी आधी हसत होता. मग डोळे मिटून बोटं मोजायला लागला.

"काका, ही तिसऱ्या बोटाची जागा पुन्हा दाबा बरं."

दाबली.

"हितं सगळे वाजवणारे पहिली दोन एकदम दाबतेत. एकटं तिसरं फक्त अप्पा दाबायचे. त्यांची खोड होती. तुमाला कुणी सांगितली?"

बाजारातलं सगळं सांगितलं. त्यानं ट्रंपेट काढला, म्हणाला, "बोटं अप्पांची, फुंक माझी." दोन-तीनदा सूर चुकला, मग बसला. स्वयंपाकघरातून बायको भिजलेल्या हातानं बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

लग्नात परण्या मारुतीपुढं थांबला. बालाजीनं चाल धरली. गावाला वाटलं, ठरल्या जागी थांबणार. लोक टाळ्या वाजवायला लागलेही. बालाजीनं माझ्याकडं बघितलं... आणि पुढं गेला. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. चाल संपेपर्यंत एक पोरगं रडलं नाही, एक फटाका वाजला नाही. पूजा घराच्या माडीवरून ऐकत होती. नंतर म्हणाली, "पप्पा, पुढं अशी असेल असं वाटलंच नव्हतं."

आता explanation विचाराल तर माझ्याकडं नाही. परभणीतले एक ओळखीचे डॉक्टर म्हणाले, मनात घोकून घोकून तुम्हीच ती चाल तयार केली. बरं. मग ते तिसरं बोट? त्यावर डॉक्टर चहा प्यायले.

माझा त्रास वेगळाच आहे. कुठलाही सौदा संपला की कोण जिंकलं ते मला बरोबर कळतं. हा कळत नाही. मी भाव रतीभर वाढवला नाही आणि माल पूर्ण मिळाला, म्हणजे मी जिंकलो. पण मास्तरांनी तो स्वतःला पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथं दिला, म्हणजे... जाऊ द्या. भेटले असते तर भांडलो असतो.

दर बाजारी दस्ती टाकली की माझा हात आत जरा जास्तच वेळ राहतो. परवा बळीबा भर बाजारात ओरडला, "मारोतराव, सोडा की आता! माझाच हाय हात, माझाच!"