मोटेचा रिपोर्ट

पिंपळे गुरवच्या गेनूचा दादू पुण्याला इंजिनियरिंग शिकायला गेला, तेव्हा गावाला वाटलं, पोरगा आता लोखंडाशी झुंजणार. प्रत्यक्षात त्याची सगळी झुंज चालली होती ती कागदाशी. दर प्रयोगाला एक रिपोर्ट. उद्देश, साधनं, कृती, निरीक्षणं, निष्कर्ष. सगळं इंग्रजीत, शाईनं, खाडाखोड न करता. एक डाग पडला की अख्खं पान नव्यानं लिहा. वर्कशॉपात हत्यार मोडलं तर एकवेळ माफी होती, पण समासात घुसलेल्या अक्षराला नव्हती.

चोपन्न साली दादू तिसऱ्या वर्षाला होता. खांबेटे सरांनी दिवाळीच्या सुट्टीचं काम सांगितलं. आपापल्या गावी पाणी उपसायचं जे साधन असेल ते मोजायचं आणि त्याचा रिपोर्ट लिहायचा. ज्याच्या रिपोर्टवर सही नसेल त्यानं परीक्षेचं नाव काढायचं नाही. म्हणजे वर्ष फुकट. आणि दादूसाठी नुसतं वर्ष नव्हे. त्याची फी माफ होती ती नापास न होण्याच्या अटीवर.

होस्टेलात याला सोपा उतारा होता. गेल्या वर्षीच्या पोरांचे रिपोर्ट एका ट्रंकेत पडलेले असत. त्यातला एक उचलायचा, गावाचं नाव बदलायचं, झालं काम. दादूला ते पटेना. आपल्या विहिरीवर मोट आहे, बैल आहेत, हाकायला बाप आहे. मग उसनं कशाला घ्यायचं? त्यानं घरी पत्र टाकलं की मोट मोजायला येतो आहे, आकडे मोठ्या सरांकडे जाणार आहेत.

दिवाळीत तो घरी गेला तर विहिरीवर कोरी करकरीत मोट लटकत होती.

"आबा, औंदा नवी घेतली व्हय?"

"व्हय," गेनू म्हणाला आणि बैलांकडे वळला.

दादूला आनंदच झाला. मागून आणलेलं घड्याळ आणि गॅलनांच्या खुणा केलेलं पिंप घेऊन तो बसला. तासाला साठ खेपा, खेपेला पंचवीस गॅलन. ताशी दीड हजार. बापाचा अभिमान वाटून त्यानं तो आकडा रिपोर्टात दोन रेघा ओढून लिहिला.

खांबेटे सरांनी त्याच आकड्यावर लाल फुली मारली. "असल्या मोटेला ताशी हजाराच्या आसपास पाणी येतं. हे आकडे तू झाडाखाली बसून रचलेस."

दादूच्या कानशिलाला आग लागली. त्यानं सगळी आकडेमोड मांडून रिपोर्ट पुन्हा लिहिला. पुन्हा फुली. तिसऱ्या वेळी गावच्या पाटलाचा सहीशिक्क्याचा दाखला जोडला, की आकडे आमच्यासमोर घेतले आणि मुलगा सचोटीचा आहे. सरांनी तो दोन बोटांत धरून परत केला. "मी मोटेचा रिपोर्ट मागितला होता, चारित्र्याचा नाही. पुन्हा मोज. सोमवारी शेवटची तारीख."

आणि त्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या वैद्यचा रिपोर्ट 'उत्तम' शेरा घेऊन आला. वैद्यनं मोट मोजणं तर सोडाच, आयुष्यात बैलालाही हात लावला नव्हता. ट्रंकेतला कागद! दादूला वाटलं, सगळे रिपोर्ट गोळा करावेत आणि होस्टेलच्या बंबात घालावेत, निदान अंघोळीला पाणी तरी तापेल.

गुरुवारी तास बुडवून, घरी न कळवता, तो सायकलवर दापोडीचा पूल ओलांडून गावी आला. विहिरीवर मोट चालू होती. मोट कसली, ठिगळांची चाळणी! वर येईपर्यंत चहूबाजूंनी धारा लागलेल्या. बैल पाय ओढत चाललेले. नवी मोट कुठे होती? पलीकडच्या चिमाजीच्या विहिरीवर.

दादूच्या सगळं ध्यानात आलं.

"आबा, ती चिमाजीकाकाची व्हती?"

गेनूनं कासरा ओढून बैल थांबवले. "मंग? तुज्या सायबाला ही फाटकी दावायची? पाव्हणा येनार आसला तर आपुन ठिगळाची वाकळ हातरतो का? कागुद मोठ्या मान्सापुढं जानार. घराची लाज ऱ्हायला नगं?"

"आनि बैलं?"

"तू येन्याआदी तीन दिस दावनीला व्हती. पेंड चारली."

दादू बैलांच्या उतरत्या वाटेच्या, धावेच्या कडेला बसला. हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. तीन वेळा, पाऊणशे पानं, बोटाला घट्टा पडेपर्यंत त्यानं जे लिहिलं होतं ते चिमाजीच्या मोटेचं आणि सुट्टीवरच्या बैलांचं होतं. ट्रंकेतून चोरणाऱ्या वैद्यचे आकडे तेवढे खरे.

"आबा, आता हीच मोजनार. न्हाई तर माजं शिक्षान संपलं."

गेनूचा चेहरा उतरला. पण त्यानं बैल हाकले. दादू तासभर मोजत राहिला. पन्नास खेपा. विहिरीत पंचवीस गॅलन भरायचं, वर एकोणीस पडायचं.

सोमवारी खांबेटे सरांनी नवा आकडा पाहिला, साडेनऊशे. लगेच सही केली. खाली लाल शाईत लिहिलं, 'गळतीचं मोजमाप विशेष चांगलं.'

पुढच्या रविवारी दादू रिपोर्ट घेऊन घरी गेला. आई, रतनबाई, चुलीपुढून उठून आली. "वाच की. सायबानं काय म्हन्लंय?"

दादू मराठी करून वाचू लागला. विहिरीची खोली वाचली, मोट ओढणाऱ्या नाड्याची लांबी वाचली. गळतीच्या रकान्याशी आला तसं त्यानं पान उलटलं.

"मधलं ऱ्हायलं," गेनू म्हणाला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण पोराचा आवाज कळत होता. "वाच."

"चौथा हिस्सा पानी वाटंतच सांडतं, आबा."

गेनू बराच वेळ बोटांवर मोजत बसला. "ह्या मोटंला सात वर्सं झाली. ठिगळं पयल्या दोन वर्सांनीच लागली. म्हंजी पाच वर्सं, चार दिसांतला येक दिस बैलं उगाच चालली."

दादूला खूप वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा रिपोर्ट खरा उतरला होता, आणि तो वाचून दाखवल्याचा त्याला पश्चात्ताप होत होता.

गेनू उठून गोठ्यात गेला. थोरल्या बैलाच्या खांद्यावर जुवानं पडलेला घट्टा होता, त्यावर हात ठेवून उभा राहिला. तिथूनच हळू आवाजात म्हणाला, "बैलांस्नी सांगू नगंस."