रडून दाखव

"ए, उभी राह्य. पाहा वो बाया, हे बी तसंच, मायनं टाकेल लेकरू. म्या उचललं."

आमच्या मालकीणबाई बोलत होत्या. मारेगावला आलेल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत, मध्यंतरात. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. त्या सतरंजीवर, मी बाजूला मातीत. अकरा वर्षांची असेन.

सिनेमा साफ पडला होता. ना नाच, ना मारामारी. आई सोडून गेलेलं एक पोर गावोगाव फिरतं, एवढंच. गडीमाणसं शिव्या घालत उठून गेली. उरल्या दहा-बारा बाया, पदर भिजेपर्यंत रडत. मी उभी राहिल्यावर माझ्याकडेही पडद्याकडे पाहावं तशा पाहू लागल्या. एकीनं च्यक च्यक केलं. मला तहान लागलेली. बाईंनी त्याच ओल्या डोळ्यांनी माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. भांड्याला माझं बोट लागू नये म्हणून हात हा एवढा उंच.

मी तांड्यावरची. बाप मेला आणि याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला बाईंकडे कामाला ठेवलं. स्वतः राजूरला खाणीवर गेली. "दिवाळीले येतो," म्हणाली. तीन दिवाळ्या गेल्या.

चार दिवसांनी शेतात सीतादही होती. वेचणी सुरू करण्याआधी कपाशीला दहीभात दाखवायचा, मग वेचणाऱ्या सगळ्यांना वाटायचा. त्यात कुणाला वगळत नाहीत. माझी पाळी आली. मी द्रोण पुढे केला. बाईंनी हात मागे घेतला. सिनेमा हुकलेल्या शेजारणी मुद्दाम आल्या होत्या.

"सांग वो, माय टाकून गेली तवा कशी रडे तू? रडून दाखव. मंग देतो दहीभात."

कुणी हसलं नाही. उलट सगळ्या पदर हातात घेऊन तयार बसल्या. त्या तयार पदरांची मला शिसारी आली.

"मले नाही येत. तुमचं तुमी रडा."

कानाखाली बसली. "खाल्ल्या घरचे वासे मोजते!" मी द्रोण पालथा ठेवला. कमरेचं वेचणीचं फडकं सोडून त्यावर टाकलं आणि राजूरच्या वाटेला लागले.

याडी का आली नाही, ते मी तिच्या तोंडावर विचारणार होते. ते भांडण माझं. रडणंही माझं. ते कुणाला करून दाखवायचं नाही, हे त्या वाटेवर ठरलं ते ठरलं. हे वाचून डोळे पुसणार असाल, तर आधी सांगा, कामवालीला तुम्ही पाणी कोणत्या भांड्यातून देता?