उदाराम मिस्त्रीची उंच भिंत

सौंदडजवळच्या एका टोलीत, म्हणजे लहानशा वस्तीत, बावन्न सालच्या वैशाखात आग लागली आणि बावीस घरे एका दुपारीत बेचिराख झाली. नव्या घरांसाठी सरकारने लाकूड दिले, तेही अगदी मोजके. माती गावची, छपराचे कवेलू कुंभाराचे. बांधायचे काम उदाराम मिस्त्रीच्या गळ्यात पडले. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे दुखरे. पण नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

त्याने डोके लढवले. एवढ्या लाकडात मोठे घर होणार नाही, तर प्रत्येकाला एकच लहान खोली द्यायची, पण भिंत दहा फूट उंच. पुढे ज्याला जमेल त्याने छपराचा तोच उतार समोर ओढून आपल्या हाताने दुसरी खोली काढावी. उतार लांबला की छप्पर खाली येते, म्हणून उंची आधीच हवी. हे समजावता समजावता त्याचा घसा बसला. "हे घर होय का कोंडवाडा?" लोक म्हणत. तरी एकवीस घरांनी कुरकुरत का होईना, ऐकले.

उरली सुशिलाबाई. नवरा गेलेला, पाच लेकरे, आणि जिभेला हाड नाही.

"काऊन जी मिस्त्री, माहे लेकरं उभे निजवू का? मले उंची नोको. भिंत ठेंगणी करा, खोली लांब करा."

"मंग पुढं वाढवता येनार नाही, बाई."

"पुढचं पुढं पाहू. आज कुठं निजवू ते सांगा."

तीन दिवस वाद चालला. चौथ्या दिवशी मिस्त्रीचे अंग मोडून आले होते आणि बाई पुन्हा कंबर कसून दारात. "घ्या, तुमच्या मनासारखं," म्हणत त्याने तिची भिंत सहा फुटांवर थांबवली. तिचे त्याला पटले होते असे मुळीच नाही. त्याला घरी जाऊन पडायचे होते.

सात-आठ वर्षांत टोली ओळखू येईना. कुणी ढोरांचा कोठा काढला, कुणी सुनेची खोली. मिस्त्रीला कुणी विचारलेसुद्धा नाही, आणि त्याचेच त्याला सुख वाटे.

साठ सालच्या माघात सुशिलाबाईचा निरोप आला. थोरल्या बिसरामचे लग्न ठरले होते, खोली वाढवायची होती. उदारामाने वळचणीला काठी लावून उतार धरून पाहिला. आठ फुटांवर छप्पर गुडघ्याशी आले. भिंत चढवावी तर खांबांचे लाकूड मुळातच आखूड कापलेले. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती.

"नाही होत, बाई."

गोंदियात राइस मिलजवळ बिसरामने भाड्याची खोली बघूनच ठेवली होती. लग्न झाले की तो तिकडे जाणार, हे आता ठरल्यातच जमा होते.

बाई भांडेल म्हणून मिस्त्री तयारीत होता. ती भांडली नाही. ओट्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "मले समजत नव्हतं जी. तुमाले तं समजत होतं ना? मंग माहं आयकलं कायले?"

उदारामाजवळ उत्तर होते. ते तिला सांगायची त्याला लाज वाटली.